पौर्णिमेची सुट्टी

ज्या घरात कामाला जाणाऱ्यांच्या सुट्ट्या वेगवेगळ्या वारी येतात, त्या घराला एकत्र कुठं जायचं म्हटलं की आधी कॅलेंडरशी भांडावं लागतं. कासारवाडीत, रुळाच्या अलीकडच्या गल्लीत, किसनरावांच्या घरी हे भांडण बारमाही चालायचं. मुलगा सिद्धेश चाकणला कंपनीत. तिथला रविवार गुरुवारी यायचा. सून रश्मी पिंपरीत एका ऑफिसात हिशेब बघायची. तिचा रविवार रविवारीच. लेक आम्रपाली रहाटणीला दिलेली, आयटीतली. तिला शनिवार आणि रविवार दोन्ही. किसनराव निवृत्त झालेले, म्हणजे त्यांना रोजच रविवार.

चतुराबाईंची सुट्टी कोणत्या वारी, हे कधी कुणाच्या मनात आलं नव्हतं. गुरुवारी सिद्धेश घरी, म्हणून काहीतरी चमचमीत. शनिवारी लेक-जावई येणार, म्हणून पुरण. रविवारी रश्मीला जरा झोपू दे, म्हणून सकाळचा चहा-नाश्ता दोनदा. बाकीच्या दिवशी शिफ्टप्रमाणे डबे. एवढ्या सुट्ट्या घरात आल्या, पण चुलीच्या वाट्याला एकही आली नाही.

एप्रिल अर्धा सरला होता. ऊन असं, की संध्याकाळी सातलाही भिंतीला पाठ टेकवत नव्हती. त्या गुरुवारी आम्रपाली ऑफिसातून परस्पर माहेरी आली आणि चप्पल काढायच्या आधीच म्हणाली, "एक मे! शुक्रवार आहे. सगळ्यांना सुट्टी. दादाला तर गुरुवार लागून आलाय."

"तुमचं आयटीवाल्यांचं बरंय," सिद्धेश खाटेवरून न उठता म्हणाला. "कॅलेंडर बघायचा पण पगार मिळतो."

"तुला काय, ओव्हरटाइममध्ये झोपायचा मिळतो. ऐक ना. पप्पांची बोट उरकून टाकू."

'पप्पांची बोट' ही त्या घरातली जुनी गोष्ट होती. किसनरावांची सगळी नोकरी चाकणच्या एका मोटार कंपनीत गेली. त्यांचं काम एकच. शेडमधून नवीकोरी गाडी बाहेर आली की ती चालवत यार्डात नेऊन रांगेत लावायची, आणि चालत परत यायचं. पुढं ती गाडी ट्रेलरवर चढायची आणि कुठं कुठं जायची. काही म्हणे बंदरावर, जहाजाच्या पोटात. हजारो गाड्या त्यांनी चालवल्या, पण एकही यार्डाच्या पुढं नेली नाही. निवृत्त झाल्यावर कधीतरी मोबाइलवर त्यांना मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी मोठी बोट दिसली. तिचा जबडा उघडतो आणि गाड्या एकामागून एक आत शिरतात. तेव्हापासून त्यांनी धोशा लावला होता, की मला हे उभं राहून बघायचंय.

"पण मग गाडी घेऊनच जाऊ की, पप्पा," सिद्धेश म्हणाला. "एसी लावून. गाडीसकट बोटीत. धक्क्यापर्यंत हाल नकोत."

"गाडी घेऊन गेलं की मी बी गाडीतच," किसनराव म्हणाले. "मंग बघायचं कुणी? चालत चढायचं, कठड्याला उभं राहायचं आन वरनं बघायचं. गाडी न्हाई न्यायची म्हंजे न्हाई."

"आणि मांडव्याला उतरून पुढं काय? ऊन खात बसायचं?"

"पुढं काय न्हाई. उतरायचं, च्या प्यायचा, हीच बोट धरून माघारी."

सगळे हसले. किसनरावांना कशाचं हसू ते कळलं नाही, पण तेही हसले.

"त्या दिवशी बुद्धपौर्णिमा आहे ना पण?" रश्मी म्हणाली. "आईंचं अष्टशील असतं."

"पहाटेच घरी वंदना करून निघू. चिंचवडहून मुंबईची पहाटेची गाडी धरू," आम्रपाली म्हणाली. "आणि आईचं काय गं, तिला दुपारनंतर जेवायचं नसतं एवढंच. ते बोटीवर पण पाळता येतं. हो ना, आई?"

चतुराबाई ताटं घेत होत्या. त्या म्हणाल्या, "आमटी गरम आहे, तोवर बसा."

*

पंचशील चतुराबाई रोजच पाळत. पहाटे अंघोळ झाली की भिंतीवरच्या बुद्धमूर्तीपुढं आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढं मेणबत्ती, उदबत्ती. मग हलक्या आवाजात त्रिशरण आणि पाच शीलं. संध्याकाळी पुन्हा. त्यांचा आवाज मुळात एवढा हळू, की शेजारच्या छबूबाई म्हणायच्या, "चतुरे, तुझी वंदना बुद्धाला ऐकू जाते का गं? का चिठ्ठी पाठवतेस?"

पौर्णिमेला मात्र पाचाची आठ शीलं व्हायची. दुपारनंतर जेवायचं नाही, नाचगाणं नाही, नटणं-मुरडणं नाही, उंच मऊ बिछान्यावर निजायचं नाही. पांढरी साडी नेसून त्या सकाळीच विहारात जायच्या. बरोबर खिरीचं पातेलं. दुपारच्या आत भंतेजींचं आणि उपासिकांचं जेवण उरकलं की भांडी घासून पालथी घातली जायची, आणि मग विहारात अशी काही शांतता उतरायची, की छताचा पंखासुद्धा दबकत फिरतोय असं वाटावं. चतुराबाई भिंतीजवळच्या चटईवर बसायच्या. ध्यान लागलं तर लागलं. नाही लागलं तर नुसत्या बसायच्या. संध्याकाळी घरी काय शिजणार, हे त्या दिवशी त्यांच्या डोक्यात नसायचं. सून बघायची, नाहीतर बाहेरून यायचं. पौर्णिमेच्या या उपोसथ-व्रताला घर मान देत होतं.

महिन्यातला तेवढा एकच दिवस कुणी त्यांना हाक मारत नसे.

हे त्यांनी स्वतःशी कधी अशा शब्दांत म्हटलं नव्हतं. शील ते शील. त्यात आपली विश्रांती शोधायची हे बरं नव्हे, असं त्यांना वाटायचं. पण त्या रात्री ताटं उचलताना त्यांच्या गुडघ्यातून नाही, कमरेतूनही नाही, कुठून तरी फार आतून कंटाळा वर आला. या पौर्णिमेची त्या अख्खा चैत्र वाट बघत होत्या. लग्नसराईत घरात पाहुणे झाले होते, पाणी दिवसाआड येत होतं, उन्हाळी कामं निघाली होती. पापड, कुरडया, तिखट, सगळं याच दिवसांत. मनात एकच धरलेलं, की वैशाखातल्या पौर्णिमेला चटईवर जाऊन बसायचं.

आणि आता त्या चटईवर बोट येऊन उभी राहिली होती.

*

पुढच्या आठवड्यात शनिवारी बेत पक्का करायला सगळे पुन्हा जमले. जावई बुद्धभूषणही आला होता. तो बिचारा कुठल्याही बेताला "चालेल" एवढंच म्हणायचा. आम्रपालीनं कामं वाटून टाकली. रेल्वेची तिकिटं सिद्धेशनं काढायची, बोटीची तिनं. टोप्या आणि औषधं रश्मीकडे.

"आणि आई, खायचं तुझ्याकडे. बाहेरचं पप्पांना सोसत नाही. धपाटे कर, तेच टिकतात. शेंगदाण्याची चटणी. दही घट्ट लावशील ना? पप्पांना नुसते धपाटे लागत नाहीत. आणि येताना गाडीत भूक लागते, तेव्हा थोडे लाडू. पहाटे तीनला उठलीस तरी आरामात होईल."

"आरामात," रश्मी हळूच म्हणाली आणि सासूकडे बघून ओशाळली. पण ओशाळली तरी 'मी करते' असं काही तिच्या तोंडून निघालं नाही. तीही आठवड्याची दमलेली होती.

चतुराबाई लसूण सोलत होत्या. त्यांच्या डोळ्यांपुढं पहाटेचे तीन आले, तापलेला तवा आला, रेल्वेतली पिशवी आली, बोटीवर सगळ्यांना कागदावर वाढून देणारे आपले हात आले. आणि तोंडातून, अगदी रोजच्या हळू आवाजात, निघालं:

"मला बोट लागते."



"म्हणजे?" आम्रपाली म्हणाली.

"गाडी लागते ना माणसांना, तसं. मळमळतं. उलट्या होतात."

"तू कवा बसलीस गं बोटीत?" किसनरावांनी विचारलं. त्यात संशय नव्हता, नवल होतं. लग्नाला एवढी वर्षं झाली आणि बायकोची एक गोष्ट आपल्याला ठाऊकच नाही, याचं नवल.

"लहानपणी. आत्याच्या गावाला जाताना. होडीत."

"तुझ्या आत्याच्या गावाला नदी हाय व्हय? मला तिथं वढा बी दिसला न्हाई कधी."

"तेव्हा होती," चतुराबाई म्हणाल्या. "तेव्हा पाऊस जास्त पडायचा."

एका खोट्याला दुसरं जोडून झालं होतं. त्यांनी मान खाली घालून लसणाची पुढची पाकळी घेतली.

त्या संध्याकाळच्या वंदनेत तीन शीलं नीट म्हटली गेली. चौथ्याला, 'मुसावादा वेरमणी'ला, आवाज घशातच राहिला. खोटं बोलणार नाही, असं रोज दोनदा म्हणणाऱ्या बाईनं त्याच खोलीत, त्याच मूर्तीसमोर, दोन वेळा खोटं सांगितलं होतं. आणि तेही कशासाठी, तर शील पाळायला मिळावं म्हणून! पाचवं कसंबसं उरकून त्यांनी उदबत्तीची राख बोटानं गोळा केली.

*

त्यांना वाटलं होतं, मुलं म्हणतील, बरं, मग आई राहू दे घरी. पण माया अशी सरळ वाटेनं कुठं जाते?

सोमवारी सिद्धेश कंपनीतल्या दवाखान्यातून गोळ्या घेऊन आला. "बोटीत बसायच्या अर्धा तास आधी एक. आमच्या लाइनवरच्या एका भावाची बायको गोव्याला गेली होती, तिला एकदम फरक पडला." रश्मीनं मनगटाला बांधायचा पट्टा मागवला, तो नाडीवर दाबला की मळमळ थांबते म्हणे. आम्रपालीनं मोबाइलवर व्हिडिओ धाडले. कुठं बसायचं, कुठं नजर ठेवायची, काय हुंगायचं. छबूबाईंना हे कुठून कळलं कोण जाणे. त्या आवळासुपारीची बरणीच घेऊन आल्या. "पोटात काही ठेवू नकोस आणि खाली पाण्याकडे बघू नकोस. माझ्या नणंदेला नुसतं पाणी बघून व्हायचं. तिचं तर तळ्यावर पण व्हायचं!"

चतुराबाईंनी गोळ्या घेतल्या, पट्टा घेतला, बरणी घेतली. प्रत्येकाला "बरं" म्हटलं. खोटं माणूस एकटं बोलतं, पण ते सांभाळायला सगळं घर कामाला लागतं, हे त्यांना या वयात नव्यानं कळत होतं. आणि धपाट्यांचं पीठ दळून आणायचं राहिलंच होतं; त्याची आठवण आम्रपालीनं फोनवर दोनदा केली.

मंगळवारी त्या विहारात गेल्या. पौर्णिमेच्या तयारीला सतरंज्या झाडायच्या होत्या, ते निमित्त. भंतेजी मराठवाड्याकडचे, वयानं त्यांच्या सिद्धेशएवढेच. ते ओट्यावर बसून चिवराची शिवण बघत होते. चतुराबाईंनी खाली बसून वंदन केलं.

"भंतेजी, एक विचारू? बोटीवर अष्टशील पाळता येतं का?"

मनातून त्यांची इच्छा अशी, की भंतेजींनी म्हणावं: नाही, उपासिके, पौर्णिमेला विहारातच बसलं पाहिजे. एवढं एक वाक्य मिळालं असतं, तर ते घरी जसंच्या तसं नेऊन ठेवता आलं असतं. भंतेजी म्हणाले, एवढं म्हटलं की झालं.

भंतेजी हसले. "का नाही येणार? शील काय विहाराच्या खुंटीला टांगलेलं असतं? बोटीत बसा, रेल्वेत बसा. तुमच्याबरोबरच असतं ते."

"हो," चतुराबाई म्हणाल्या.

"बोटीनं कुठं जायचंय?"

त्यांनी सगळं सांगितलं. किसनरावांचं, गाड्यांचं, एक मेचं. बोट लागते ते मात्र सांगितलं नाही. भंतेजींनी सुई चिवराला टोचून ठेवली.

"चांगलं आहे की. आणि तुम्हाला जायचंय का?"

 गेले दहा-बारा दिवस घरात या बेताचं सगळं सगळ्यांना विचारून झालं होतं: गाडी की पायी, टोपी की छत्री, धपाटे की पोळ्या. हे एवढंच चतुराबाईंना कुणी विचारलं नव्हतं.

"सतरंज्या झाडते," त्या म्हणाल्या, आणि उठल्या.

घरी येताना रुळाजवळ फाटकाला थांबावं लागलं. लोणावळ्याकडची गाडी धडधडत गेली. डोक्यावर ऊन, हातात केरसुणी, आणि चतुराबाईंना उभ्या उभ्याच उत्तर सापडलं. मला जायचं नाही. त्यात शील, विहार, गुडघा, बोट, काही नव्हतं. मला जायचं नाही, कारण मी दमलेय. एवढं साधं उत्तर, आणि ते कुणाला सांगता येईल अशी त्यांच्याजवळ भाषाच नव्हती.

*

बुधवारी पाण्याचा दिवस. सकाळी नळाला पाणी आलं तेव्हा किसनराव अंगणात पिंपं भरत होते; एका हातात पाइप, दुसऱ्या हातात फोन. चतुराबाई कळशी घेऊन दाराशी आल्या, तेव्हा ते सिद्धेशशी बोलत होते. सिद्धेश पहाटेच्या शिफ्टला गेलेला.

"न्हाई न्हाई, काढू नगंस तिकिटं. राहू दे… आरं, तुझ्या आईला लागतं म्हटल्यावर काय? ती तिकडं वकाऱ्या काढत बसंल आन मी हिकडं गाड्या बघत उभा राहू व्हय? काय शोभतं का ते?… न्हाई, तिला एकटीला ठिवून बी न्हाई जायचं. सणाच्या दिवशी ती हितं आन आपून तिकडं? राहू दे म्हणतो ना. मोबाइलवर हायच की, तिथं रोज बघतो… हां. ठीवतो."

त्यांनी फोन खिशात टाकला आणि पाइप हलवला. चेहरा होता तसाच. पण मागून बघताना चतुराबाईंना त्यांच्या खांद्यांवरून कळलं. यार्डातून पाळी करून घरी येताना हे खांदे असेच असायचे.

कळशी खाली ठेवून त्या पायरीवर बसल्या.

"अहो, मला बोट लागत नाही."

"आँ?" पाण्याच्या आवाजात त्यांना नीट ऐकू गेलं नाही. त्यांनी नळ बारीक केला.

चतुराबाईंना तेच पुन्हा म्हणावं लागलं, आणि या वेळी नेहमीपेक्षा मोठ्यानं. "मला बोट लागत नाही. मी कधी बोटीत बसलेच नाही. आत्याच्या गावाला नदी नाही."

"नदी न्हाई ते मला म्हाईतच हाय," किसनराव म्हणाले. "मला वाटलं, तुझी दुसरी कुठली आत्या आसंल."

"मी खोटं बोलले."

 ही बाई खोटं बोलते यावर किसनरावांचा विश्वास बसायला वेळ लागत होता. भाजीवाल्यानं चुकून एक जुडी जास्त दिली तर उन्हात परत जाऊन देऊन येणारी बाई.

"का पण?"

"मला यायचं नव्हतं."

"माझ्यासंगं?"

"तसं नव्हे हो." त्यांनी पदरानं मान पुसली. शब्द एकेक करून आणावे लागत होते, खोल आडातून कळशी ओढावी तसे. "मी दमलेय."

"मंग दवाखान्यात जाऊ. रक्त तपासू. रश्मी म्हणतच व्हती…"

"तसलं नाही. रक्तातलं नाही." त्या थांबल्या. "गुरुवारी सिद्धूची सुट्टी असते, मी वडे तळते. शनिवारी आमूची असते, मी पुरण वाटते. रविवारी रश्मीची. ती झोपते, तर बरंच करते, पोर दमते. मला पौर्णिमा असते. तेवढी एकच असते. ती तुम्ही सगळ्यांनी मिळून घेतलीत, आणि वर मला म्हणालात, पहाटे तीनला ऊठ."

 पिंप भरून पाणी काठावरून वाहायला लागलं. दिवसाआडचं पाणी, पण दोघांपैकी कुणी नळाला हात लावला नाही.

"आगं, विहारात बी तू खीरच वाटतीस की," किसनराव शेवटी म्हणाले. "सतरंज्या झाडतीस. ती कसली सुट्टी?"

"तिथं 'आई, माझा डबा कुठाय' असं कुणी विचारत नाही."

"मंग बोलायचं ना आधी."

"विचारलं कुणी?"

"मला तरी कुणी इचारलं व्हतं का बोटीचं?" किसनरावांचा आवाज जरा चढला. "मीच बोललो. धा येळा बोललो, पोरं हसली, आकराव्यांदा बोललो, तवा ही बोट ठरली. बोलल्याबिगर कळायला आमी काय तुझ्या मनात बसलोय?"

 ते म्हणत होते ते खरंच होतं.

किसनरावांनी पाइप दुसऱ्या पिंपात टाकला आणि पिंपाच्या काठावर हात ठेवून, बायकोकडे न बघता म्हणाले, "मला तुला दाखवायचं व्हतं. कंपनीत घरच्यांना आत सोडत न्हवते. मी दिवसभर काय करतो, ते तुला कधी दिसलंच न्हाई. एवढी वरसं डबा दिलास, पण डबा कुठं जातो ते तुला कुठं ठावं हाय? म्हटलं, बोटीवर तरी गाड्या एका रांगेत आत जाताना बघशील. मंग सांगितलं असतं, आसंच करायचो बघ मी."

 एवढ्यावर चतुराबाई नेहमीसारख्या "बरं, येते" म्हणाल्या असत्या. शब्द ओठापर्यंत आलेही. मग त्यांना वाटलं, हे म्हटलं तर तेही खोटंच होईल. गोड, पण खोटं. आणि त्या दिवशी पहाटे तीनला तवा तापवताना त्या खोट्याचा राग कुणावर निघेल, तर या माणसावरच.

"मी बघेन," त्या म्हणाल्या. "खरंच बघेन. पण पौर्णिमेला नाही. पौर्णिमा सोडून कुठलाही दिवस सांगा. बाकीचे सगळे दिवस तुमचेच आहेत."

 किसनराव नाकातून हसल्यासारखं काहीतरी करून म्हणाले, "म्हंजे यकूणतीस दिवस आमचे आन यक तुझा. तरी तू खोटी ठरतीस व्हय."

"बोलले ना खोटं. मग खोटीच."

"आता पोरांना काय सांगायचं?"

"मी सांगते," चतुराबाई म्हणाल्या, आणि कळशी उचलली. "तुम्ही जा त्यांच्याबरोबर. माझ्यासाठी थांबलात, तर मला विहारातही बसवणार नाही."

*

पोरांना सांगणं त्यापेक्षा जड गेलं. सिद्धेशनं ऐकून घेतलं आणि गोळ्यांची पट्टी हातात फिरवत म्हणाला, "आता या कुणाला देऊ?" रश्मी आत गेली आणि बाहेर आली ती एवढंच म्हणाली, "धपाटे नकोत. आम्ही तिकडंच खाऊ. पप्पांना दहीभात मिळेल कुठंही." आम्रपाली मात्र फोनवर रागावली. "कमाल आहे, आई! आम्ही जीव तोडून ठरवतोय आणि तू खोटं सांगतेस? नको म्हणायचं ना सरळ. आम्ही काय बांधून नेणार होतो?" चतुराबाई "चुकलं" म्हणाल्या. त्यांना वाटलं होतं, कबूल केलं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. लेकीचा राग फोन ठेवल्यावरही कानात बसून राहिला, आणि त्यानंतर आम्रपालीनं दोन दिवस फोन केला नाही.

शुक्रवारी पहाटे सगळ्यांनी मिळून वंदना केली. किसनरावांनी पांढरा सदरा घातला होता. आम्रपाली आणि बुद्धभूषण परस्पर चिंचवडला भेटणार होते. निघताना किसनराव दारात घुटमळले, एकदा बायकोकडे, एकदा घराकडे बघितलं.

"च्या घेतलास का तू?" त्यांनी विचारलं.

"घेते."

"घे." आणि ते गेले. पाठ वळल्यावर त्यांची चाल जरा लगबगीची झाली, हे चतुराबाईंना दिसलं. त्यांना बरं वाटलं आणि थोडं वाईटही.

मग पांढरी साडी, खिरीचं पातेलं, विहार. सण असल्यामुळं सकाळी गर्दी होती, पोरांची धावपळ होती, पंचरंगी पताका लागल्या होत्या. भंतेजींनी शीलं दिली. चौथ्याला चतुराबाईंचा आवाज फुटला. मोठा नव्हता, पण शेजारी बसलेल्या छबूबाईंनी वळून बघितलं, एवढा होता.

दुपारच्या आत जेवणं झाली, भांडी पालथी पडली, माणसं संध्याकाळच्या मिरवणुकीला यायचं म्हणून आपापल्या घरी गेली. चतुराबाई भिंतीजवळच्या चटईवर बसल्या. डोळे मिटले. श्वासाकडे लक्ष द्यायचं, तर लक्ष पाण्याकडे जाई. बोट सुटली असेल का? उभं राहायला सावली असेल का? गाड्या आत जाताना त्यांनी कुणाला सांगितलं असेल, की मी असंच करायचो? सिद्धेशला सांगितलं, तर तो ऐकेल का मोबाइलमध्ये बघत राहील? आपण असतो, तर ऐकलं असतं. हा विचार आला तसा त्यांनी जाऊ दिला. तो पुन्हा आला. पुन्हा जाऊ दिला.

तिसऱ्यांदा तो आला की नाही, ते त्यांना कळलं नाही. बसल्या बसल्याच त्या कलंडल्या होत्या.

जाग आली तेव्हा गालावर चटईचे वळ उठले होते आणि ऊन खिडकीतून निघून समोरच्या भिंतीवर गेलं होतं. उपोसथाला असं भर दुपारी निजलो म्हणून त्या शरमल्या. इकडंतिकडं बघितलं. छबूबाई पलीकडे डोळे मिटून बसलेल्या. भंतेजी ओट्यावर. कुणी उठवलं नव्हतं, कुणी बघतही नव्हतं.

उठून बसावं म्हणून त्यांनी हात टेकला. अंग अजून जड होतं. एका दुपारच्या झोपेनं फिटेल असा तो शीण नव्हता. किसनराव परतीच्या बोटीत असतील का, कठड्याला रेलून उभे असतील का, त्यांना माहीत नव्हतं. आपण तिथं नाही, याचं वाईट वाटत होतं. आपण इथं आहोत, याचं बरं वाटत होतं. दोन्ही खरं होतं, आणि त्यातलं एकही कुणाला समजावून सांगायचं नव्हतं.

चटईवर उशी नसते. चतुराबाईंनी हात डोक्याखाली घेतला आणि कूस बदलली.